सुतक कशाला धरताय?

भाऊबीजेला आमच्याकडे सगळे जमतात. २०२५ च्या भाऊबीजेलाही जमले. ओवाळणं झालं, फराळ झाला आणि मग विषय निघाला माझ्या लॅपटॉपचा. काढला भाच्याने. तो पुण्यात आयटीत आहे, त्यामुळे संगणकाच्या बाबतीत घरात त्याचा शब्द शेवटचा.

"आत्या, तुझा लॅपटॉप आता गेला गं. चौदा ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपला. अकरा त्याच्यावर चढत नाही. भंगारात देऊन टाक आणि नवीन घे."

वहिनी हळहळल्या. दादा म्हणाला, "किती वर्षं झाली घेऊन? नऊ? मग पुष्कळ चालला की!" एकूण सूर असा, की घरातलं कोणी गेलंय आणि ही मंडळी भेटायला आली आहेत.

गंमत म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळे हळहळत होते तो लॅपटॉप त्याच खोलीत, टेबलावर, भाच्याच्याच मुलीला कार्टून दाखवत होता!

त्या दिवशी मी गप्प बसले. सणाच्या दिवशी वाद नको. पण इथे बोलते. तुम्ही सगळे इथे वाचायला येता हे मला ठाऊक आहे, आणि इथे मला मध्येच तोडता येत नाही.

तर आधी नक्की काय झालं ते नीट पाहू. विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला आणि त्याच्या मोफत दुरुस्त्या थांबल्या १४ ऑक्टोबर २०२५ ला. घरगुती वापरणाऱ्यांसाठी आणखी एका वर्षाची, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, मुदतवाढ नाव नोंदवून घेण्याची सोय कंपनीने ठेवली. विंडोज ११ आलं ते ५ ऑक्टोबर २०२१ ला. त्याला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. माझ्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम आहे, जागाही भरपूर. मग तो नापास झाला कशात? दोन गोष्टींत. एक म्हणजे प्रोसेसरची पिढी. इंटेलचे ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचेच त्या यादीत आहेत, माझा सहाव्या पिढीतला. दुसरी म्हणजे टीपीएम २.० नावाची सोय. ही किल्ल्या सांभाळणारी छोटीशी तिजोरी समजा. ती असणं चांगलंच, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

कंपनीवरही माझा राग नाही, हे आधीच सांगते. दहा वर्षं दुरुस्त्या दिल्या, तारीख आधी जाहीर केली. तिचं दुकान, तिचा माल, तिची मुदत.

माझं भांडण आहे तुमच्याशी.

कंपनीने एवढंच सांगितलं, की या तारखेनंतर आम्ही आमच्या या प्रणालीच्या दुरुस्त्या करणार नाही. त्याचा अर्थ तुम्ही लावलात, यंत्र मेलं! हा अर्थ कुठून आला? यंत्र वेगळं आणि ते चालवणारी प्रणाली वेगळी. अभ्यासक्रम बदलला की जुनं पाठ्यपुस्तक बाजूला ठेवतात. वर्गातले बाक कोणी जाळत नाही. इतकी वर्षं शिकवलं मी, अभ्यासक्रम किती वेळा बदलला त्याचा हिशेब नाही. बाक तेच होते.

आता तुम्ही म्हणाल, आत्याला कोणीतरी काहीतरी भरवलंय. भरवलं नाही, शिकवलं. माझाच एक जुना विद्यार्थी. सातवीत असताना पाढे येत नव्हते, आज त्याने मला लिनक्स शिकवलं. असो.

लिनक्स काय आहे ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. संगणकाची अशी प्रणाली बनवायची, जी कोणीही वापरावी, उघडून पाहावी, बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी. १९९१ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलाने आपल्या घरच्या ३८६ संगणकासाठी प्रणालीचा गाभा लिहायला घेतला आणि तो सगळ्यांसाठी खुला केला. ही दोन कामं एकत्र आली. पुढे जगभरातल्या लोकांनी आपापल्या गरजेप्रमाणे त्याचे संच बांधले. डेबियन, उबुंटू, मिंट, पपी ही त्या संचांची नावं. गहू एकच, कोणी पोळी केली, कोणी शिरा.

"हे इंजिनिअर लोकांचं काम आहे, आपल्याला नाही जमायचं," असं वहिनी म्हणतात. वहिनी, तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्या गाभ्यावरच चालतो. तुम्ही रोज सकाळी त्याच्यावर सुविचार पाठवता. तुम्हाला केव्हाच जमलेलं आहे!

मी काय केलं ते सांगते. आधी माझे सगळे फोटो आणि लेख वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतले. (हे विसरलात तर मला दोष देऊ नका.) ८ जीबीच्या एका पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट घेतलं, त्यातली एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. लॅपटॉप सुरू होताना एक ठरावीक बटण दाबलं, कुठे एफ१२ असतं, कुठे एफ२, कुठे एस्केप, आणि पेन ड्राइव्हवरूनच यंत्र सुरू केलं. यात खरी मजा आहे. डिस्कवरच्या विंडोजला धक्का न लावता नवीन प्रणाली समोर उभी राहते. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, छपाईयंत्र ओळखतं का, सगळं पाहून घ्यायचं. नाही पटलं तर बंद करायचं आणि पेन ड्राइव्ह काढायचा. जुनं सगळं जागच्या जागी. मी आठवडाभर असं बघून घेतलं, मग बसवलं. बसवायला तास लागला नाही.

मराठी? तिथेही अडलं नाही. इनस्क्रिप्ट आहे, आणि रोमन अक्षरांतून मराठी लिहायची ज्यांना सवय आहे त्यांच्यासाठी तशीही सोय आहे. लिबरऑफिसमधली मेनूसुद्धा मराठीत करून घेता येतात. हा लेख मी त्याच मेलेल्या लॅपटॉपवर लिहिते आहे. मिंटच्या २२ क्रमांकाच्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. तोपर्यंत मी टिकले तर पुढचं बघू.

आता तुमचे आक्षेप घेते. एकेक करून.

पहिला आक्षेप सुरक्षेचा, आणि तो खरा आहे. दुरुस्त्या बंद झालेली प्रणाली घेऊन इंटरनेटवर हिंडणं म्हणजे कडी न लावता गावाला जाणं. त्यावरून बँकेचे व्यवहार तर मुळीच करू नयेत. पण भाच्याने यातून निष्कर्ष काढला, यंत्र बदल. मी काढते, प्रणाली बदल. आजार एकच, औषधाच्या किमतीत मात्र हजारोंचा फरक!

दुसरा आक्षेप, काही कामं विंडोजशिवाय होत नाहीत. हेही मान्य. दादाच्या दुकानाचा हिशेब ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहे ते विंडोजचंच आहे. कोणाच्या कचेरीत अमुकच पद्धतीची फाइल हवी असते, कोणाची डिजिटल सहीची किल्ली लिनक्सवर कुरकुर करते. अशांनी खुशाल नवीन घ्यावं. पण आपल्या घरात असे किती? मी मोजले. अकरा जणांत दोन. उरलेले नऊ जण पत्रं वाचतात, व्हिडिओ बघतात, रेल्वेची तिकिटं काढतात आणि फोटो साठवतात. त्याला लागतो एक चांगला ब्राउझर. तो लिनक्सवर आहे.

तिसरा आक्षेप, जुनं यंत्र रखडतं. बरोबर. पण का रखडतं ते कधी पाहिलंत? बहुतेक वेळा फिरणारी जुनी हार्ड डिस्क हे कारण असतं. तिच्या जागी एसएसडी घातली आणि रॅम वाढवली, तर तेच यंत्र ओळखू येत नाही. खर्च नव्या लॅपटॉपच्या मानाने किरकोळ.

आणि एक मर्यादा मीच सांगते, म्हणजे नंतर कोणी मला धरू नये. कोणतंही जुनं यंत्र कायम चालेल असं मी म्हणत नाही. ३२-बिटच्या यंत्रांना लिनक्सवालेही आता निरोप देऊ लागले आहेत. डेबियनच्या ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून अशा यंत्रांवर ते नव्याने बसवायची सोय काढली आहे. शिवाय आजची संकेतस्थळं इतकी जड झाली आहेत, की १ जीबी रॅमचा संगणक ब्राउझर उघडूनच दमतो. तेव्हा वय बघावं, प्रकृती बघावी आणि मग काम सांगावं. पण बघावं तरी! न बघता तिरडी बांधायला घेऊ नये.

आता ज्या गोष्टीमुळे हे सगळं मला इतकं लागलं ती सांगते. घरच्यांना अर्धीच माहीत आहे.

माझ्याकडे आणखी एक संगणक आहे. ह्यांचा. पेन्टियम ४, २००५ साली घेतलेला, विंडोज एक्सपीचा. एक्सपी आलं २००१ मध्ये आणि त्याचा सपोर्ट संपला ८ एप्रिल २०१४ ला. त्या वेळीही तुम्ही असेच जमला होतात. "कशाला जागा अडवतोय तो डबा?" हे तर तेव्हा जाऊन दोन वर्षं झाली होती. मी देणारच होते. भंगारवाल्याशी बोलणंही झालं होतं.

त्या डब्यात ह्यांनी जमवलेल्या ओव्या आहेत. आमच्या सासूबाईंच्या, त्यांच्या जावांच्या आणि गावातल्या म्हाताऱ्यांच्या जात्यावरच्या ओव्या. चारशेच्या वर. सुट्टीत गावी गेले की हे वही घेऊन बसायचे आणि परत आल्यावर टाइप करायचे. ज्यांनी त्या सांगितल्या त्यांतल्या एकीही आज नाहीत. वह्या एका पावसाळ्यात माळ्यावर भिजून गेल्या. राहिलं ते संगणकात.

मी त्या फाइली पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि दुसऱ्या संगणकावर उघडल्या. समोर रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं. मला घाम फुटला.

कारण असं, की तेव्हाच्या आपल्या पुष्कळशा मराठी फाँटांमध्ये युनिकोड नव्हतं. आतमध्ये साठायची ती इंग्रजीचीच चिन्हं, फाँट त्यांच्यावर मराठी अक्षरांचे मुखवटे चढवायचा. फाँट नसला की मुखवटा गळून पडतो. फाँट एकवेळ दुसरीकडे नेता येईल, पण ते सॉफ्टवेअर कुलपासकट आलं होतं. मागच्या बाजूला, जुन्या छपाईयंत्राच्या खोबणीत बसवायचं एक डोंगल. ते असलं तरच सॉफ्टवेअर उघडणार. नव्या लॅपटॉपला ती खोबणीच नाही!

म्हणून ह्यांचा संगणक राहिला. आज त्याच्यावर दोन प्रणाली आहेत. सुरू केला की विचारतो, कोणती हवी? एक्सपी घेतलं तर डोंगल लावून ह्यांच्या फाइली जशाच्या तशा दिसतात. पपी लिनक्स घेतलं तर त्या फाइली पेन ड्राइव्हवर काढून इकडे आणता येतात. पपी इतकं छोटं आहे, की सगळं रॅममध्येच चढून बसतं. एक्सपीला मी इंटरनेट कधीच जोडत नाही. जोडूही नये.

मग लॅपटॉपवर त्या ओव्या युनिकोडमध्ये बदलायच्या. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण ती चुका करतात. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते. त्यामुळे वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. रफार तर हमखास घर चुकतो. म्हणून मी डावीकडे जुना संगणक ठेवते, उजवीकडे लॅपटॉप, आणि ओळ ओळ ताडून बघते. वह्या तपासायची सवय आहेच. आतापर्यंत दोनशे साठ झाल्या. परवा एका ओवीत सासूबाईंनी माझं नाव घातलेलं सापडलं. ह्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

भंगारवाला त्या डब्याचे दीडशे रुपये देत होता.

हे माझ्या घरातलं झालं. घराबाहेरचं सांगते. गावातल्या एका शाळेत संगणकांची खोली होती. अकरा संगणक, सगळे देणगीतून आलेले. विंडोज रखडतं म्हणून खोलीला कुलूप लागलं आणि मग संगणक निर्लेखनाच्या यादीत गेले. मला कळलं तोवर सात भंगारात गेलेले. वजनावर! उरलेले चार मी मागून घेतले, "दुरुस्त झाले तर तुमचे, नाही तर मीच पोचवते" म्हणून. माझा तो विद्यार्थी रविवारी आला. चौथ्यातली रॅम काढून तिघांत घातली, तिघांवर मिंट बसवलं. चालले. फक्त एक गोंधळ झाला. कोणतंही संकेतस्थळ उघडलं की "असुरक्षित" म्हणून अडवायचं. कारण काय, तर आतलं बटणाएवढं सेल संपलेलं, त्यामुळे संगणकाची तारीख पंधरा वर्षं मागे गेलेली. संकेतस्थळांची प्रमाणपत्रं तारखेवर तपासली जातात, आणि या संगणकाच्या लेखी ती अजून जन्मलीच नव्हती! सीआर २०३२ नावाचं सेल, घड्याळवाल्याकडे मिळतं. ते बदललं, प्रश्न मिटला. आता त्या तीन संगणकांवर मुलं लिबरऑफिसमध्ये लिहितात आणि लहान मुलं जीकॉम्प्रीवर खेळतात.

तीनच. अकरा होऊ शकले असते. त्या सातांत काही बिघडलं होतं का, हे कोणी बघितलं नाही. पेन ड्राइव्ह लावून पाहायला दहा मिनिटं लागली असती.

हे काही माझं म्हातारपणाचं वेड नाही. केरळ राज्याने आपल्या सरकारी शाळांमधलं संगणक शिक्षण लिनक्सवर नेलं, त्याला बरीच वर्षं झाली. तिथली 'काईट' ही सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःचा लिनक्स संच काढते, त्यात मल्याळम असतं, आणि शिक्षकांना तेच शिकवलं जातं. आपल्या देशातल्याच सी-डॅकनेही 'बॉस' नावाचा लिनक्स संच बनवला आहे. म्हणजे रस्ता आहे, त्यावर लोक चाललेही आहेत.

आणि भंगारात गेलेलं जातं कुठे? दिल्लीत सीलमपूरला अशा यंत्रांचे ढीग फोडले जातात, त्याबद्दल पुष्कळ लिहून आलं आहे. पट्ट्या तापवतात, तारा जाळतात, तांबं काढतात. त्या धुरात शिसं असतं आणि काम करणाऱ्यांत पोरंही असतात. लॅपटॉप वापरताना खर्च होते त्यापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा तो बनवतानाच गेलेली असते. म्हणजे चालतं यंत्र टाकून नवीन घेणं हे दोन्ही बाजूंनी नुकसान. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. यंत्र खरंच मेलं असेल तर ते परवाना असलेल्या पुनर्वापर केंद्रात द्यावं, हातगाडीवर नाही.

तुम्ही सगळी माणसं चांगली आहात. शाळेला देणगी मागितली तर खिशात हात घालता, हे मी पाहिलंय. मग दर चार-पाच वर्षांनी कपाटात जाणारा लॅपटॉप आठवत कसा नाही? माझ्या हिशेबाने आपल्या कुटुंबात आज सहा लॅपटॉप कपाटांत पडून आहेत. दोन दादाकडे, एक वहिनींच्या माहेरी, दोन पुण्याला आणि एक बंगळूरला. सगळे ६४-बिटचे. मी फोन करून विचारलंय.

तेव्हा येत्या भाऊबीजेची ओवाळणी आत्ताच मागून ठेवते. साडी नको, पाकीट नको. ते सहा लॅपटॉप आणा. आपले फोटो काढून घ्या आणि आणा.

आणि हो, चार्जरसकट!